चटणीची वही आणि नवा लॅपटॉप

मागच्या वेळी बॅकअपवर लिहिलं होतं. फोटो, कागदपत्रं, आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग हे सगळं दोन ठिकाणी ठेवा आणि त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं असू द्या, एवढंच त्यात सांगायचं होतं. पण बॅकअप नीट असला तरी नवीन लॅपटॉप घरात आला की पहिले तीन-चार दिवस नुसते चिडचिडीत जातात. फोटो जागेवर असतात, फाईल्सही असतात, तरी मशीन आपलं वाटत नाही. मराठी कीबोर्ड सापडत नाही, प्रिंटर दिसत नाही, पीडीएफ भलत्याच ठिकाणी उघडते. ज्यांचं पोट प्रोग्रामिंगवर चालतं त्यांचं तर विचारूच नका. दहा वर्षांत बोटांना लागलेल्या सवयी एका दिवसात परक्या होतात.

हे का होतं ते आमच्या भागातल्या एका गोष्टीवरून सांगतो. उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाची चटणी करतात. (चटणी म्हणजे तिखट मसाला. इडलीबरोबरची नव्हे. पुण्या-मुंबईत वाढलेल्या पोरांसाठी हे सांगावं लागतं.) रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, मग धणे, खोबरं, तीळ, लसूण. बरणीत भरून ठेवलेली चटणी म्हणजे बॅकअप. एक बरणी फुटली तर दुसरी हवी, हे सगळ्यांना कळतं. पण कुठली मिरची किती घ्यायची, आधी काय भाजायचं, तेल कधी सोडायचं हे आईच्या वहीत लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरच्या भाषेत ती वही म्हणजे कॉन्फिगरेशन. वही हातात असेल तर बेंगळुरूच्या फ्लॅटमध्येही त्याच चवीची चटणी होते. बरण्या सगळेच जपतात. कॉम्प्युटरची वही मात्र फार थोड्यांकडे असते, आणि असली तरी ती कुणाच्या तरी डोक्यात असते.

प्रोग्रामर लोक या वहीला 'डॉटफाईल्स' म्हणतात. नाव विचित्र आहे आणि त्यामागची हकिगतही तशीच. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम १९७० च्या आसपास बेल लॅब्जमध्ये तयार होत होती. तिथे प्रत्येक फोल्डरमध्ये एक टिंब आणि दोन टिंबं अशा नावांच्या दोन नोंदी आपोआप असत. फोल्डरची यादी दाखवताना त्या दिसू नयेत म्हणून कुणीतरी सोपा उपाय केला: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ती नोंद दाखवायचीच नाही. झालं असं की टिंबानं सुरू होणारी कुठलीही फाईल त्यामुळे लपायला लागली. मग प्रोग्रामांनी आपापल्या सेटिंगच्या फाईल्स टिंब लावून तिथे ठेवायला सुरुवात केली. बेल लॅब्जमध्ये काम केलेल्या रॉब पाईक यांनी २०१२ मध्ये ही गोष्ट लिहिली, आणि घाईत केलेल्या एका आडवाटेतून पन्नास वर्षांची प्रथा कशी पडली याबद्दल नाराजीही व्यक्त केली. या फाईल्सच्या नावात शेवटी जे 'आरसी' दिसतं ते त्याहूनही जुनं आहे. एमआयटीमध्ये साठच्या दशकात 'रनकॉम' नावाची सोय होती, म्हणजे आज्ञा एका फाईलमध्ये लिहून ठेवायच्या आणि एका दमात चालवायच्या. त्याचाच तो वंशज.

म्हणजे वही लिहायची कल्पना जुनी आहे. नवीन काय असेल तर वहीची प्रत, तिचा इतिहास आणि ती आपोआप 'रांधून' देणारी साधनं. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी 'गिट' लिहिलं. त्यात फाईलमधला प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, का केला याची नोंद राहते. लाखो प्रोग्रामर आपल्या डॉटफाईल्स आज गिटमध्ये ठेवतात. त्या नव्या मशीनवर जागच्या जागी बसवायला 'स्टो' किंवा 'शेमुआ' अशी छोटी साधनं आहेत. शेमुआ हा फ्रेंच शब्द, अर्थ 'माझ्या घरी'. मराठीत त्याला 'आमच्याकडे' म्हणता आलं असतं. याच्या पुढची पायरी म्हणजे 'अॅन्सिबल' आणि 'निक्स'. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ मध्ये निक्सवर पीएचडी केली. अख्खं मशीन एका लिखित वर्णनातून तयार व्हावं, हा त्यांचा ध्यास. मी निक्स सहा महिने वापरलं. सुंदर आहे, पण घरच्यांना देण्यासारखं नाही. एक तास वाचवायला तीन शनिवार खर्ची घालणारे आमच्या जमातीत पुष्कळ आहेत.

आता घरच्यांकडे येतो, कारण मला या सगळ्याची खरी किंमत ऑफिसात नाही, नंदगडात कळली.

नंदगड खानापूर तालुक्यात आहे. १८३१ साली २६ जानेवारीला संगोळ्ळी रायण्णाला तिथे फाशी दिली, त्याची समाधी तिथे आहे. बाहेरच्या लोकांना गावाची ओळख बहुधा तेवढीच असते. माझं आजोळ तिथलं. मामांचं बाजारात झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे, आणि त्या दुकानात एका दिवसात तीन भाषा चालतात. सरकारी अर्ज कन्नडमध्ये, लग्नपत्रिका आणि मंडळाची पत्रं मराठीत, पोरांचे बायोडेटा इंग्रजीत. मामा चौसष्ट वर्षांचे आहेत. तरुणपणी बेळगावात टायपिंगच्या क्लासला मराठी टाईपरायटर शिकले. त्यांच्या बोटांत जी मांडणी बसली आहे ती रेमिंग्टनची. न बघता, ग्राहकाशी गप्पा मारत ते पानभर अर्ज टाईप करतात.

दोन वर्षांपूर्वी जुलैत रात्री वीज पडली. खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. यूपीएस गेला, मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क वाचली. दुरुस्तीवाल्यानं दुसरं मशीन दिलं, विंडोज नवीन घातलं, डिस्कवरच्या फाईल्स उतरवल्या. म्हणजे बरणी शाबूत होती. मामा खुर्चीत बसले, नेहमीच्या वेगानं एक अर्ज टाईप केला आणि मान वर करून बघतात तर स्क्रीनवर अक्षरांचा नुसता गोंधळ. मशीनमध्ये मराठी कीबोर्ड होता, पण तो इन्स्क्रिप्टचा.

इथे थोडं खोलात जातो, कारण हा प्रकार आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांच्या, काकांच्या वाट्याला येतो. इन्स्क्रिप्ट ही सरकारनं १९८६ मध्ये ठरवलेली मांडणी. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच: क जिथे मराठीत, तिथेच कन्नडमध्ये. एका बाजूला स्वर, दुसऱ्या बाजूला व्यंजनं. शिकायला सोपी, माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची. पण टाईपरायटरचं गणित निराळं होतं. तिथे जसं दिसतं तसं उमटवायचं. 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी मारायची आणि मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे येते. युनिकोडमध्ये क आधी साठवतात, वेलांटी नंतर. म्हणजे रेमिंग्टनवाल्यासाठी नुसती बटणं बदलून भागत नाही, क्रम उलटा करून देणारा छोटा प्रोग्राम लागतो. तो विंडोजच्या नेहमीच्या यादीत येत नाही, वेगळा बसवावा लागतो. जुन्या मशीनवर तो कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी बसवला होता. कुणी, कुठून आणून, काय सेटिंग करून, हे कुणालाच आठवत नव्हतं.

सहा दिवस मामेभावानं फोनवर मराठी टाईप करून मेलनं मशीनवर घेतलं. मामा ग्राहकांच्या बाकावर बसून राहायचे. मी फोन केला तर म्हणाले, "ह्या मशिनला माझे हात माहीत नाहीत बघ. आता पोरगा बघंल काय ते." चाळीस वर्षं टाईप करणारा माणूस असं बोलतो तेव्हा तो कीबोर्डबद्दल बोलत नसतो, हे मला बेंगळुरूत बसून कळलं. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीनं निघालो आणि सकाळी खानापूरला उतरलो.

मशीनला हात लावण्याआधी एक दोनशे पानी वही मागून घेतली. भाऊ हसला. "दादा, तू इंजिनिअर, आणि वही?" मग आम्ही दोघं बसलो आणि दुकानात दिवसभरात मशीनकडून जे जे करवून घेतात ते एकेक लिहीत गेलो. उताऱ्याची प्रिंट कुठल्या आकारात. स्कॅन केलेला कागद कुठल्या फोल्डरमध्ये पडतो. कन्नड अर्जाला कुठला फॉन्ट. लग्नपत्रिकेचे जुने नमुने युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्यात क दिसतो पण आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, आणि तो फॉन्ट नसेल तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कचरा दिसतो. म्हणजे ते फॉन्टही वहीत आले. दुपारपर्यंत सदतीस गोष्टी झाल्या. मामी चहा घेऊन आल्या आणि अडतिसावी सांगून गेल्या: संध्याकाळी पूजेला लावायचा अभंगांचा फोल्डर डेस्कटॉपवरच पाहिजे.

रेमिंग्टनचा प्रोग्राम जुन्या डिस्कवर शोधून काढला, त्याची सेटिंगची फाईल वाचली आणि नव्या मशीनवर बसवली. मामांना बोलावलं. त्यांनी पहिलं वाक्य टाईप केलं ते तहसीलदारांना उद्देशून होतं. दुसऱ्या वाक्यापासून स्क्रीनकडे बघणं सोडून दिलं.

यानंतरचं काम मी महिनाभर रात्री थोडं थोडं केलं. वहीतल्या ओळी एका स्क्रिप्टमध्ये उतरवल्या. विंडोजवर २०२१ पासून 'विंगेट' आहे. कुठले प्रोग्राम हवेत याची यादी एका फाईलमध्ये द्यायची, ते एकेक आणून बसवतं. चालू मशीनवरून अशी यादी काढूनही देतं, पण त्याला ठाऊक असलेल्या प्रोग्रामांचीच. मामांचा रेमिंग्टन त्यात नव्हता, तो पेनड्राईव्हवर वेगळा ठेवला. पॉवरशेलच्या एका आज्ञेनं मराठी, कन्नड, इंग्रजी असे तिन्ही कीबोर्ड ठरलेल्या क्रमानं लागतात. मराठीसाठी 'मुक्ता' आणि 'नोटो' हे फुकट वाटता येणारे फॉन्ट आपोआप बसतात. प्रिंटरचं नाव, कागदाचा आकार, स्कॅनचा फोल्डर हेही त्यात आलं.

स्क्रिप्ट लिहिताना एक पथ्य पाळावं लागतं, आणि ते स्वयंपाकघरातल्या कुणालाही चटकन समजेल. 'आमटीत मीठ घाल' अशी आज्ञा लिहिली तर स्क्रिप्ट दोनदा चालवल्यावर आमटी खारट होते. 'चाखून बघ, कमी असेल तरच घाल' असं लिहिलं की दहा वेळा चालवा, चव तीच राहते. वीज मध्येच जाते, नेट मध्येच तुटतं, आणि नंदगडात पावसाळ्यात दोन्ही एकाच वेळी होतं. तेव्हा अर्ध्यात थांबलेली स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून चालवता आली पाहिजे. म्हणून प्रत्येक ओळ आधी बघते आणि मग करते.

सगळं काही आपोआप होत नाही. चार गोष्टी अजून हातानंच कराव्या लागतात, त्यातली एक प्रिंटरची आहे आणि ती का तशी आहे हे त्या प्रिंटरलाच माहीत. त्या चार गोष्टी 'आधी हे वाचा' नावाच्या फाईलमध्ये मराठीत लिहिल्या आहेत. मराठीत यासाठी की ती फाईल वाचायची वेळ येईल तेव्हा मी तिथे नसेन. आमच्या पिढीच्या अनेकांचं इथे चुकतं असं मला वाटतं. आई-वडिलांचं मशीन आपण दिवाळीत येऊन नीट करतो, पण केलेलं सगळं आपल्याच डोक्यात घेऊन परत जातो. मग पुढच्या अडचणीला त्यांना वाट बघावी लागते.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्याच्या डॉटफाईल्समध्ये दोन नोंदी खास मराठीच्या आहेत. एक श आणि ल साठी. महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात देठाचा श आणि पाकळीचा ल प्रमाण ठरवला, पण युनिकोडच्या दृष्टीनं हिंदी ल आणि मराठी ल एकच. कुठलं रूप दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो, आणि त्याला 'हा मजकूर मराठी आहे' असं कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणाऱ्या ओळी मी लिहून ठेवल्या आहेत. दुसरी नोंद कीबोर्डची. लिनक्समध्ये मराठीची उच्चारानुसार चालणारी एक मांडणी मिळते, तिचं नाव 'कगप'. हे नाव आलं कन्नड गणक परिषदेवरून. म्हणजे कन्नडसाठी बेतलेल्या मांडणीवर मराठी बसवलेली. बेळगाव जिल्ह्यातल्या माणसानं ती वापरावी आणि त्यावर काही बोलू नये, हे कठीण आहे. मी एवढंच म्हणतो की ळ चटकन सापडतो.

आता एक धोक्याची गोष्ट. डॉटफाईल्स इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या ठेवायची प्रोग्रामरांत पद्धत आहे. एकमेकांचं बघून शिकता येतं, मीही तसाच शिकलो. पण त्यात पासवर्ड, बँकेची किंवा क्लाऊडची किल्ली चुकून जरी गेली तरी पंचाईत होते. खुल्या कोडमधून किल्ल्या वेचणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. आणि गिटचा जो गुण आहे तोच इथे अडचणीचा: ते विसरत नाही. फाईल दुसऱ्या दिवशी काढून टाकली तरी जुन्या नोंदीत ती तशीच असते. अशा वेळी फाईल पुसत बसण्याआधी किल्ली बदलायची. मामांच्या दुकानात तर अर्ध्या गावाच्या आधार कार्डांचे स्कॅन आहेत. म्हणून तिथला नियम कडक ठेवला: वहीत फक्त 'कसं करायचं' जाईल, 'कुणाचं' आहे ते एक अक्षरही जाणार नाही. वही खासगीच आहे, आणि स्कॅनचा फोल्डर तिच्या बाहेर.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर गिट, निक्स वगैरे सध्या बाजूला ठेवा. नवीन मशीन घेतलं की पहिल्या दिवसापासून एक साधी मजकुराची फाईल उघडी ठेवा आणि जे जे बसवाल, जे जे सेटिंग बदलाल ते तारखेसह एका ओळीत लिहा. का बदललं तेही लिहा, कारण दोन वर्षांनी 'काय' कळतं, 'का' आठवत नाही. विंडोज असेल तर विंगेटकडून यादी काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. मॅक असेल तर 'होमब्रू' तशीच यादी 'ब्रूफाईल' नावानं काढून देतं. तो फोल्डर मागच्या लेखात सांगितलेल्या बॅकअपमध्ये जाऊ द्या. आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात चटणीच्या सुमारास म्हणा हवं तर, एखाद्या जुन्या लॅपटॉपवर ती वही वापरून बघा. न वापरलेल्या वहीत काय राहून गेलंय ते तेव्हाच कळतं.

दुकानात ही वेळ मुद्दाम आणावी लागली नाही. यंदा जूनमध्ये, कॉलेजच्या प्रवेशांची ऐन गर्दी असताना, त्या मशीनची डिस्क गेली. भावानं मला फोन केला तो सगळं झाल्यावर. नवी डिस्क बेळगावहून आणली, पेनड्राईव्ह लावला, स्क्रिप्ट चालवली. मध्ये एकदा लाईट गेली, आल्यावर पुन्हा चालवली. तासाभरात मामा खुर्चीत होते. "तुला कशाला त्रास द्यायचा म्हटलं," भाऊ म्हणाला. मी मीटिंगमध्ये होतो, मीटिंग सोडून बाहेर गॅलरीत जाऊन ऐकलं.

त्यानंतर काही दिवसांनी त्या फोल्डरचा इतिहास सहज उघडला, तर एक नोंद मी केलेली नव्हती, भावाचीही नव्हती. त्याची बायको हल्ली दुपारी दुकानात बसते. 'आधी हे वाचा' मध्ये तिनं पाचवी ओळ घातली होती: "पत्रिकेचा जाड कागद मागच्या ट्रेमधून घालावा, छापील बाजू वर. बाबांना विचारून लिहिले आहे."